गावची टॉकीज: नाटकासाठी भाड्यानं घेण्याआधी

साडेचारशे माणसांपुढं, माईक न लावता नाटक करायचं असेल, तर निपाणी ते खानापूर या पट्ट्यात या टॉकीजसारखी जागा शोधूनही सापडायची नाही. जून ते सप्टेंबर सोडून कधीही घ्या. मात्र प्रयोग ध्वनिमुद्रित संगीतावर चालणारा असेल, सेट चाकांवर फिरणारा असेल किंवा प्रेक्षक शे-दीडशेच येणार असतील, तर बेळगावातलं एखादं नवं सभागृह बघा. या वास्तूला भरलेलं घर लागतं.

इमारत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. भिंती चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा, छप्पर मंगळुरी कौलांचं. आतली लांबी 80 फूट, रुंदी 40 फूट. गावात एकच थेटर असल्यामुळं सगळे तिला नुसतं टॉकीज म्हणतात. पण ती मुळात टॉकीज म्हणून बांधलेलीच नाही आणि हे ठाऊक असणं भाड्यानं घेणाऱ्याच्या कामाचं आहे. कुठला भाग कधी आणि कशासाठी जोडला हे कळलं की खिळा कुठं ठोकायचा, दिवा कुठं टांगायचा आणि कशाला हात लावायचा नाही हे आपोआप कळतं.

नुसत्या सिनेमासाठी बांधलेल्या थेटरात पडद्यामागं पाच-सहा फुटांची जागा सोडतात. तिथं कर्णे ठेवले की काम भागतं. इथं रंगमंच 22 फूट खोल आहे. दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांच्या विंगा आहेत, मागं दोन रंगपट (नटांच्या तयारीच्या खोल्या) आहेत, मंचाच्या मधोमध खाली उतरायचा चोरदरवाजा आहे (आता खिळे मारून बंद केलेला), आणि वर माळ्यावर पडदे गुंडाळायचे सागवानी रूळ अजून पडून आहेत. रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, दरबाराचा पडदा असे रंगवलेले पडदे या रुळांवरून सोडत. म्हणजे वास्तू संगीत नाटकांच्या काळातली आहे.

या भागात असं नाटकगृह उभं राहावं यात नवल नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 साली पहिलं मराठी नाटक केलं, त्यामागं कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. त्याच 1843 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. 1880 साली त्यांनी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं आणि संगीत नाटकाची वाट मोकळी झाली. 1908 साली केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली ती हुबळीत. नाटक कंपन्या मिरज-बेळगाव-लोंढा रेल्वेनं पडदे आणि पेटारे घेऊन हिंडत. कानडी कंपन्यांचं येणंजाणंही याच वाटेनं होतं. सौंदत्ती तालुक्यातल्या एणगी बाळप्पांनी पुढं कलावैभव नाट्यसंघ चालवला तो बेळगावातून. सीमाभागातल्या प्रेक्षकाला दोन्ही भाषांतली पदं तोंडपाठ असत, त्यामुळं एकच मंच दोन्ही भाषांच्या कंपन्यांना पुरायचा.

1931 साली भारतात बोलपट आला, 1932 साली मराठीत आला, आणि कंपन्यांची उतरती कळा सुरू झाली. गावोगावच्या नाटकगृहांनी तेव्हा पडदा ताणला आणि सिनेमाचं मशिन (प्रोजेक्टर) बसवलं. या इमारतीत तो बदल कसा झाला हे मागच्या भिंतीवर स्पष्ट दिसतं. बाल्कनीच्या वर चार चौकोनी भोकं आहेत, दोन-दोनच्या जोडीनं. प्रत्येक जोडीत एक भोक खाली, त्यातून प्रकाशाचा झोत जायचा. दुसरं थोडं वर, त्यातून ऑपरेटर पडद्याकडं बघायचा. चार भोकं म्हणजे दोन मशिन. 2,000 फुटांचं रीळ मिनिटाला 90 फुटांच्या वेगानं 22 मिनिटांत संपतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर पहिला ठिपका चमकला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की झोत बदलायचा. एकच मशिन असलेल्या थेटरात दर रिळाला दिवे लावावे लागत. इथं ती वेळ येत नव्हती.

भोकांवर लोखंडी झापा आहेत. त्या तारेवर तोललेल्या असत आणि तारेत शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूचा सांधा असे. आग लागली की सांधा वितळून झाप आपोआप खाली यायची. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायट्रेटची फिल्म वापरात होती; ती एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही, म्हणून एवढी तयारी. मशिनच्या खोलीचा जिना बाहेरून लोखंडी आहे तोही त्याच कारणानं: खोली प्रेक्षागृहापासून तुटलेली असली पाहिजे असा लायसनचा नियम होता. हे लायसन आधी मुंबई सरकारचं, 1 नोव्हेंबर 1956 नंतर म्हैसूर राज्याचं, आणि 1964 च्या सिनेमा नियमन कायद्यापासून त्या कायद्याखालचं. छपरातून वर आलेलं पत्र्याचं धुराडं मशिनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या धुरासाठी होतं. तेच आता छपराची सगळ्यांत वाईट गळती आहे, त्याबद्दल पुढं.

या खोलीत आज प्रकाशयोजनेचं टेबल बसतं आणि नजर सरळ मंचाच्या मधोमध पडते. अडचण ऐकण्याची आहे. भोक जेमतेम दहा इंचांचं, झाप अर्धी गंजून अडकलेली; संवाद नीट कानावर येत नाहीत. प्रकाशयोजनाकारानं मंचाजवळ एक छोटा माईक ठेवून वर हेडफोन घ्यावा. शब्दावर प्रकाश बदलायचा असेल तर याशिवाय गत्यंतर नाही.

सिनेमानं या नाटकगृहाचं खरं नुकसान केलं ते 1953 नंतर, सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा पसरू लागल्यावर. मंचाची दर्शनी चौकट 24 फूट रुंद आणि 14 फूट उंच. जुन्या चौकोनी चित्राला ती बरोबर पुरायची. स्कोपचं चित्र रुंदीला उंचीच्या 2.35 पट. 24 फुटांत बसवलं तर उंची उरते जेमतेम दहा फूट. मागच्या खुर्चीवरून ते चिंचोळ्या पट्टीसारखं दिसणार. म्हणून पडदा चौकटीच्या पुढं आणून 32 फुटांचा केला. त्यासाठी चौकटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लोखंडी अँगल गाडले, चुन्याचं नक्षीकाम फोडलं, आणि मंच कर्ण्यांचं गोदाम झाला. अँगल अजून आहेत. त्यांच्यावर काहीही टांगू नका. चुन्याच्या भिंतीत सिमेंटनं भरलेली भोकं सैल झाली आहेत, हातानं हलवलं तरी अँगल हलतो. पुढचे दिवे टांगायला बाल्कनीच्या कठड्याचा लोखंडी पाइप वापरा, तो पक्का आहे. तिथून मंचाच्या काठापर्यंतचं अंतर 48 फूट आहे, तेव्हा लांब झोताचे दिवे न्या.

दुसरा बदल जमिनीचा. नाटकगृहाची जमीन सपाट होती. सिनेमासाठी मागं अडीच फूट भराव टाकून उतार दिला. प्रेक्षकाला त्यानं फायदाच झाला, आजही मागच्या रांगेतून नटाचे पाय दिसतात. पण बाल्कनीचे सहा सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे होते, ते तळखडे भरावाखाली गेले. लाकडाचा बुंधा मातीत आला. माती पावसाळ्यात ओल धरते, लाकूड कुजतं, वाळवी वर चढते. उजवीकडच्या दोन खांबांच्या तळाशी पेचकसचं टोक अर्धा इंच आत जातं. मालकांनी त्यांना लोखंडी टेकू दिलेत, तरीही बाल्कनीत साठाच्या वर माणसं बसवू नका. शाळेचं स्नेहसंमेलन असेल तर बाल्कनी बंदच ठेवा. मुलं एका लयीत पाय आपटतात आणि तो भार बसलेल्या माणसांच्या भारापेक्षा वेगळा असतो.

आता आवाज. या जागेचं भाडं द्यायचं ते याच्यासाठी.

मंचाच्या चौकटीवरून प्रेक्षागृहाच्या मध्यापर्यंत सागवानी फळ्यांची तक्तपोशी (लाकडी छत) आहे आणि ती मागच्या बाजूला हळूहळू वर चढत जाते. नटाचा वर गेलेला आवाज ती मागच्या रांगांकडं ढकलते. भिंतींचा पुढचा अर्धा भाग कडक चुन्याचा, घोटून गुळगुळीत केलेला. तोही आवाज परत देतो. मागच्या अर्ध्या भागात सिनेमावाल्यांनी लाकडी चौकटींत काथ्या भरून वर गोणपाट ठोकलंय, कारण कर्ण्यांचा आवाज मागच्या भिंतीवर आदळून घुमायचा. नाटकवाल्यांनी बांधलेला पुढचा भाग आणि सिनेमावाल्यांनी मऊ केलेला मागचा भाग यांची जोडी योगायोगानं उत्तम जमली आहे. पुढून आवाज मिळतो, मागं तो शोषला जातो, शब्द शब्दाला चिकटत नाही.

मात्र हे सगळं घर भरल्यावर. रिकाम्या घरात मागचं गोणपाट सोडलं तर आवाज शोषणारं फारसं काही नसतं. खुर्च्या लाकडी आणि उघड्या आहेत. मंचावरून एक टाळी वाजवा, दोन सेकंदांहून जास्त रेंगाळेल. साडेचारशे माणसं बसली की तोच रेंगाळा साधारण सव्वा सेकंदावर येतो, नाटकाला हवा तेवढा. म्हणून दुपारच्या तालमीत आवाज घुमतो असं वाटलं तरी नटांनी आवाज दाबायचा नाही आणि ध्वनिवाल्यानं घाबरून माईक लावायचे नाहीत. तिकिटं कमी गेली असतील तर लोकांना पुढच्या दहा रांगांत एकत्र बसवा आणि मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर जाजमं टाका. दोन-तीनशे माणसांतही फरक कळतो.

संगीत नाटक असेल तर पिट उघडून घ्या. मंचासमोर सहा फळ्या आहेत, त्यांना खिळे नाहीत, नुसत्या बसवल्या आहेत. त्या उचलल्या की अडीच फूट खोल खड्डा निघतो. ऑर्गन आणि तबला तिथं बसतात, गाणाऱ्याला सूर समोरून मिळतो आणि तबला प्रेक्षकांच्या कानावर आदळत नाही. विंगेत बसवलेल्या साथीपेक्षा हे कितीतरी सुखाचं. खड्ड्यात ओल असते, म्हणून आधी प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर सतरंजी घाला. नाहीतर तबल्याची पुडी उतरते आणि दर पदाला हातोडी काढावी लागते.

मंचाला प्रेक्षकांकडं उतार आहे, 22 फुटांत सुमारे सात इंच. जुन्या मंचांची ही पद्धतच होती. उभ्या नटाला जाणवत नाही, चाकांच्या लेव्हलला (सेटच्या उंचवट्याला) लगेच जाणवतो. चाकं असतील तर प्रत्येकाला पाचर लावा, टेबल-खुर्च्यांच्या पुढच्या पायांखाली पातळ तुकडे सारा. फळ्या सव्वा इंची सागवानी आणि भक्कम आहेत. फक्त डावीकडच्या विंगेजवळ कधीतरी प्लायवूड बसवलंय, ते करकरतं. शांत प्रवेशात नटाला तिथून एन्ट्री देऊ नका. दर्शनी पडदा हातानं ओढायचा, कप्प्यांवरचा. दोन माणसं लागतात आणि दोर सुंभाचा असल्यामुळं दमट हवेत जड चालतो. पहिल्या घंटेआधी दोन-तीन वेळा वर-खाली करून घ्या.

सेटचं सामान मागच्या बोळातून आत येतं. दरवाजा 4 फूट रुंद, साडेसहा फूट उंच. आठ फुटी फ्लॅट (सेटची कापडी किंवा लाकडी भिंत) आडवा करून जातो, दहा फुटी जात नाही; त्याला दोन तुकड्यांत बिजागरी लावूनच आणा. ट्रक बोळात शिरत नाही, टेम्पो शिरतो. रंगपटात आरसे आणि पाणी आहे, पंखे नवे आहेत. संडास स्त्रियांसाठी एक, पुरुषांसाठी एक, दोन्ही स्वच्छ, पण एवढ्या प्रेक्षकांना पुरत नाहीत. मध्यंतर वीस मिनिटांचं धरा.

छपराबद्दल जरा खोलात जावं लागेल, कारण टॉकीजचं पुढचं आयुष्य तिथंच ठरणार आहे. सागवानी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), त्यांवर वासे, वाशांवर पट्ट्या, पट्ट्यांवर कौलं. उतार साधारण 30 अंशांचा. पागोळ्या धरून छपराचं क्षेत्र 3,900 चौरस फुटांच्या आसपास येतं. शंभर चौरस फुटाला 140 मंगळुरी कौलं लागतात, फुटणारी धरून 150. म्हणजे सगळं छप्पर शाकारायचं तर पावणेसहा-सहा हजार कौलं. पण सगळी बदलायची गरज नाही. जुनं कौल बोटाच्या पेरानं वाजवलं की खणखणीत वाजतं. भद्द वाजलं तर त्यात चीर आहे. चांगली कौलं उतरवून, शेवाळ घासून परत चढवता येतात. गळती मुख्यतः तीन ठिकाणी आहे: धुराड्याभोवती, आढ्यावरच्या कौलांच्या सांध्यांत, आणि बाल्कनीमागच्या पन्हळीत. माकडं आढ्यावरून धावतात आणि तिथलीच कौलं सरकतात. पन्हळीत पिंपळाचं रोप उगवलंय. ते नुसतं उपटून उपयोग नाही, मूळ भिंतीत गेलेलं असतं, खोदून काढून तिथं चुनाच भरावा लागतो.

मागचा एक तृतीयांश भाग मात्र काही वर्षांपूर्वी पत्र्यांनी झाकला. कारण समजण्यासारखं आहे: पत्रा स्वस्त, लवकर बसतो, माकडांना फुटत नाही. पण या भागातला पाऊस सह्याद्रीच्या कुशीतला आहे. मिरगापासून पुढं पत्र्यावर तो असा वाजतो की मागच्या आठ रांगांना एक वाक्य कळत नाही. कौलांवरचा पाऊस मंद वाजतो, खाली तक्तपोशी असल्यामुळं आणखी मंद. पावसाळ्यात ही जागा घेऊ नका असं वर लिहिलं ते या पत्र्यामुळं. उन्हाळ्यातही पत्र्याखालचा भाग तापतो. मार्च ते मे प्रयोग सहाच्या आधी लावू नये.

भिंतींचंही असंच. खालच्या तीन-चार फुटांत चुन्याचा गिलावा सुटला म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा केला. चिऱ्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. मग ओल आणखी वर चढते आणि सिमेंट संपतं त्याच्या वर लोणा लागतो. आज अगदी सरळ रेषेत पांढरा पट्टा दिसतो तो हा. तिथं सेटचे फ्लॅट किंवा पोशाखांच्या पेट्या टेकवून ठेवू नका, पांढरी पूड लागते आणि रेशमावरून निघत नाही.

विजेचं गणित घरून करून जा. जोडणी थ्री फेज आहे, पण मंचाजवळ एकाच फेजचे तीन सॉकेट आहेत, सगळे एका 16 अँपिअरच्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणारं बटण). त्यावर 1,000 वॉटचे तीन पार (मंचाचे डबेवजा दिवे) लावले की 13 अँपिअर झाले. चौथा लावला की एमसीबी उडायची भीती, आणि तो नेमका दुसऱ्या अंकात, सगळे दिवे एकदम वर गेल्यावर उडतो. बारा पार लावायचे असतील तर आपल्या वायरमनकडून मुख्य बोर्डावरून तिन्ही फेज घ्या, प्रत्येकावर चार दिवे, म्हणजे फेजला साडेसतरा अँपिअर, आणि 32 चा एमसीबी. वायर 4 चौरस मिलिमीटरची, मध्ये जोड नको. एलईडी पार नेले तर सगळा खटाटोप वाचतो. दीडशे वॉटचे बारा दिवे मिळून आठ अँपिअर घेतात. त्या एलईडीचा ठिणगीसारखा पांढरा रंग तक्तपोशीखाली रुक्ष दिसतो, म्हणून समोरच्या दिव्यांना अंबरची झाक द्या. वीज जाते, तेव्हा जनरेटर घ्याच. तो बोळात ठेवू नका, पाठीमागच्या मोकळ्या जागेत भिंतीआड ठेवा, नाहीतर त्याची घरघर थेट मंचावर येते.

बुकिंग तोंडी चालतं, पण तारीख लिहून पावती घ्या. भाडं बेळगावच्या वातानुकूलित सभागृहांच्या निम्म्याहूनही कमी पडतं. त्यात खुर्च्या, पंखे, झाडलोट आणि रखवालदार काकांचा पगार धरलेला आहे, डिझेल आणि वायरमन वेगळे. आदल्या संध्याकाळी सेट लावायला किल्ली मिळते आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, हे आजकाल कुठं मिळत नाही. पोलिसांकडं द्यायचा अर्ज कन्नडात लिहून न्या, काम एका फेरीत होतं. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरवर निर्बंध असतात, पण बिनमाईकच्या प्रयोगाला त्याची झळ नाही. तरी साडेसहाला तिसरी घंटा द्या. खेड्यांतून आलेल्या प्रेक्षकांना शेवटची बस धरायची असते आणि ती चुकणार असं वाटलं की लोक तिसऱ्या अंकात उठू लागतात.

मालक इमारत पाडायच्या विचारात नाहीत. उलट पीओपीचं सिलिंग आणि एसी बसवून तिला मंगल कार्यालयासारखं करावं असं त्यांना सुचवलं जातंय. हे होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं. सिलिंग लावलं की तक्तपोशी झाकली जाईल आणि मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज तिथंच संपेल. वर गळणारं पाणी महिनोन्महिने दिसणार नाही आणि कैच्यांची टोकं भिंतीत कुजतील. तेवढ्याच पैशांत करण्यासारखी कामं पुढीलप्रमाणे. आधी धुराडं काढून ते भोक कौलांनी बंद करणं, कारण खालची कैची त्याच पाण्यानं भिजतेय. मग पत्रे काढून मागं पुन्हा कौलं, साधारण दोन हजार लागतील, आणि वळवाआधी काम उरकलं पाहिजे. त्यानंतर सहा खांबांभोवती दोन-दोन फूट भराव काढून तळखडे मोकळे करणं आणि कुजलेल्या बुंध्यांना सागवानी जोड देणं. सिमेंटचा गिलावा हातोडी-छिन्नीनं उतरवून चुना परत लावणं सगळ्यांत शेवटी, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी राहून वाळल्यावर. तक्तपोशीला ऑइल पेंट नको. वर्षाआड जवसाचं तेल पुसून घेतलं तर पुरतं.